सुमीचा वाढदिवस कुठे करायचा?

सुईदोऱ्याच्या डब्यात बटणं साठतात तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. एक दिवस काही कारणाने डबा उघडावा, तर मूठभर निघतात, आणि कुठलं बटण कुठल्या सदऱ्याचं हे आपल्यालाच आठवत नाही. माझ्या डब्यात सगळ्यात जास्त बटणं वाढदिवसांची आहेत. वाढदिवसांची म्हणण्यापेक्षा वाढदिवसांच्या जागांची!

परवा सूनबाई नातवाच्या वाढदिवसासाठी हॉल बघायला मला बरोबर घेऊन गेली. पार्किंग आहे का, लिफ्ट आहे का, जनरेटर आहे का, असे तिने पंधरा प्रश्न विचारले. मॅनेजर मला म्हणाला, "आजी, तुम्हाला काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "शेजारी रात्रपाळीचं कुणी झोपलेलं नाही ना?"

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. सूनबाईने डोळे वटारले. पण खरं सांगते, आमच्या काळी जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच असायचा.

*

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते. बाकी सगळी ज्वारी-बाजरीची रानं, बाभळी आणि पुण्याहून येणारी धुळीने माखलेली बस. आम्ही नगरकडचे. ह्यांना कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि कॉलनीतल्या आठ खोल्यांच्या लाइनीत पाचवी खोली मिळाली. मी विमल, तेव्हा विशीतली, आणि नगरच्या पलीकडे काही न पाहिलेली.

आठ खोल्या म्हणजे खरं तर एकच लांबलचक खोली होती आणि तिच्यात सात आडव्या भिंती घातल्या होत्या. त्या भिंती वर पत्र्याला भिडायच्या नाहीत. पहिल्या खोलीत फोडणी पडली की आठव्या खोलीत शिंक यायची!

त्यात कारखाना तीन शिफ्टमध्ये चालायचा. म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळी लाइनीतले दोन-तीन पुरुष डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेले असणारच.

यावर तोड काढली पहिल्या खोलीतल्या राधाक्काने. राधाक्का साताऱ्याकडची. नवरा बॉयलरवर. पोटी मूल नाही, त्यामुळे लाइनीतली सगळी मुलं तिचीच. तिने नळाजवळच्या खिळ्याला शाळेची एक पाटी टांगली आणि तिच्यावर आठ घरांची नावं लिहिली. ज्याच्या नावापुढे गोल, तो झोपलेला. गोल दिसला की त्या दारासमोर मुलांनी विटीदांडू खेळायचा नाही आणि बायकांनी भांडायचं नाही. भांडण फारच तातडीचं असेल तर विहिरीवर जाऊन भांडायचं!

वाढदिवसाची जागासुद्धा ही पाटी बघूनच ठरायची. ज्या घराच्या दोन्ही बाजूंना गोल नाही ते घर त्या दिवशीचं सोयीचं घर. मग वाढदिवस कुणाच्याही मुलाचा असो. आमच्या अरुणचं बारसं तिसऱ्या खोलीत झालं आणि बारशाला आलेली माझी आई बराच वेळ पाचव्या खोलीत एकटीच बसून होती.

*

राधाक्काला एक खोड होती. तिला खोटं बोलता यायचं नाही. मन राखायला आपण सगळेच बोलतो ना, ते साधं निरुपद्रवी खोटंसुद्धा तिच्या तोंडून निघायचं नाही.

मी नवीन आले तेव्हा सगळ्यांना शिरा दिला. बाकीच्या म्हणाल्या, "छान झालाय हो." राधाक्काने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "साखर कमी हाय, गुठळ्या जास्त. पर मन लावून केलायस." मी रात्रभर रडायच्या बेतात होते. सकाळी ती स्वतःच आली, चूल पेटवली आणि शिरा शिकवून गेली.

चौथ्या खोलीत कुलकर्णी म्हणून क्लार्क होते. त्यांना मुलगा झाला. राधाक्का बघायला गेली. कुलकर्णीबाईंनी हौसेने विचारलं, "कुणावर गेलाय हो?"

राधाक्काने बाळ उजेडाकडे धरून नीट पाहिलं. "अजून कुनावरच न्हाई. नाक येऊ दे, मग सांगते."

कुलकर्णीबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. नाक आल्यावर राधाक्का पुन्हा गेली आणि सांगून आली. वडिलांवर गेला होता.

*

याच कुलकर्णींचा एक किस्सा. त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळीच्या ऑफिसात घातलं होतं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे तिसऱ्या खोलीत आणि आमच्याकडेसुद्धा, पाटीवर गोल होते. नेमका त्याच दिवशी सहाव्या खोलीतल्या बाळ्याचा वाढदिवस आला. बाहेर करावा तर ऊन मी म्हणत होतं.

राधाक्का म्हणाली, "घरातच करू. पर कुजबुजत."

काय सांगू तुम्हाला! चौदा मुलं ओठांवर बोट ठेवून मांडी घालून बसली. बाळ्याला कुजबुजत ओवाळलं. लाडू खाताना आवाज होतो म्हणून मुलांना लाडू चघळायला सांगितले. फुगे तर फुगवलेच नाहीत, नुसतेच वाटले. लाइनीत अशी शांतता आजवर कधी झाली नव्हती.

इतक्यात चौथ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. कुलकर्णी बनियनवर धावत बाहेर आले, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. "काय झालं? कोण गेलं?"

"कुनी न्हाई गेलं. बाळ्याचा वाढदिवस हाय," राधाक्का कुजबुजली.

कुलकर्णी तिथेच पायरीवर बसले. "अहो, मग ओरडा की जरा! गोंधळात मला उत्तम झोप लागते. ही शांतता कसली, छातीत धस्स झालं माझ्या!"

मग मुलं जी ओरडली! तिसऱ्या खोलीतलेही उठले, आमचे हेही उठले. कुलकर्णी मात्र आत जाऊन पुन्हा गाढ झोपले.

*

आता सुमीचं सांगते, कारण पुढच्या सगळ्याच्या मागे तीच आहे.

सुमी सातव्या खोलीतली. तिचे वडील दत्तूभाऊ पॅकिंगमध्ये होते, शांत माणूस. आई इंदू. इंदूची एक लकब होती. कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी पदर ओढून कमरेला असा झटक्यात खोचायची, की बघणाऱ्यालाही कामाला लागावंसं वाटायचं. भाकरी थापायची असो की मुलाला ओवाळायचं असो, आधी तो झटका.

मार्गशीर्षात इंदू खोकायला लागली. छातीचा फोटो काढल्यावर क्षय निघाला. त्या काळी हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलायचे. तिला नदीपलीकडच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवली. तिथे लहान मुलांना आत सोडायचे नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पण पाच वर्षांच्या पोरीला कसं पटवणार?

पाच तरी कुठे! जानेवारीत सुमीला पाचवं पूर्ण होणार होतं. आम्ही ठरवलं, तिचा वाढदिवस जोरात करायचा. जागा राधाक्काचं घर. मी रवा भाजला, गुठळी एक नाही. सुमीला पाटावर बसवली, राधाक्का निरांजन घेऊन पुढे झाली, कुंकवाला बोट लावलं, आणि सुमीने दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं.

"आई ओवाळेल."

"आई दवाखान्यात हाय ना बाळा."

"मग ती आल्यावर मी पाचाची होईन. तोवर मी चारच."

दत्तूभाऊ तोंड फिरवून बाहेर गेले. कुणी म्हणालं, असं नसतं गं, वय काय थांबतं का. राधाक्काने ताम्हण खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं. चार तर चार." मग सगळ्यांना शिरा वाढला. शिरा चांगला झाला होता, पण त्या दिवशी ते कुणी बोललं नाही, राधाक्कासुद्धा नाही.

तेव्हापासून वर्षभर सुमीला कुणीही वय विचारलं की ती चार बोटं दाखवायची. दोन फ्रॉक आखूड झाले, दुधाचा एक दात हलायला लागला, तरी बाईसाहेब चारच!

दत्तूभाऊ दर रविवारी दवाखान्यात जायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, इंदू औषधाचं विचारत नाही. तब्येतीचंही विचारत नाही. पहिला प्रश्न एकच, सुमी अजून चारचीच आहे का?"

*

आमच्या अरुणचा पहिला वाढदिवस आला तेव्हा ह्यांची दुसरी शिफ्ट होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. वडील नाहीत तर वाढदिवस कसला? राधाक्काने तोड काढली. संध्याकाळी सातला कारखान्यात अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा कारखान्याच्या गेटवरच वाढदिवस करायचा! गेटवर दिवा होता, पाणी होतं, बसायला कठडा होता. याहून सोयीची जागा कुठली?

सगळी लाइन पातेली घेऊन निघाली. भोंगा झाला. ह्यांच्या खात्यातली सगळी माणसं बाहेर आली. हे नाहीत.

वॉचमन म्हणाला, "साळवे? तो तर पहिल्या शिफ्टलाच येऊन गेला. तीनला सुटला की!"

झालं होतं असं, की पोराच्या वाढदिवसाला घरी असावं म्हणून ह्यांनी गुपचूप मित्राबरोबर शिफ्टची बदली केली होती. सकाळी घरातून निघाले तेव्हा मी समजले, बाजारात चाललेत, तिथूनच परस्पर कामावर जातील. तीनला सुटून चिंचवडला गेले, लाकडी घोडा घेतला आणि हसत हसत घरी आले, तर घराला कुलूप!

इकडे गेटवर शिरा गार व्हायला लागला. आणि जेवणाच्या सुट्टीला आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवणार? अरुणला ओवाळलं, फिटर खात्याने 'हॅपी बर्थडे' केलं, पातेलं पुसून खाल्लं.

परत आलो तर हे पायरीवर घोडा मांडीवर घेऊन पेंगत बसलेले. मी काही बोलणार तोच राधाक्का म्हणाली, "पाटीवर लिवलं न्हाईस, मग मला काय सपान पडनार व्हय?"

हे ओशाळून म्हणाले, "असू दे. झाला ना नीट?"

"नाही झाला," सुमी मागून म्हणाली. "काका नव्हते. तो अजून शून्यच आहे."

सगळे हसले. पण राधाक्का हसली नाही. तिने निरांजन पुन्हा पेटवायला लावलं. अरुणला ह्यांच्या मांडीवर बसवून त्याच पायरीवर दुसऱ्यांदा ओवाळलं. मग सुमीने मान डोलावली. "आता एक."

*

स्टेशनचा किस्सा छोटासा आहे. पावसाळ्यात एकदा घरं गळायला लागली म्हणून तिसऱ्या खोलीतल्या रमेशचा वाढदिवस चिंचवडच्या प्लॅटफॉर्मवर केला. तिथे छप्पर पक्कं होतं. स्टेशनमास्तर विचारायला आले, "कुठे जायचंय एवढ्या सगळ्यांना?"

राधाक्का म्हणाली, "कुटं न्हाई. हितंच आलोय."

मास्तरांनी एक लाडू खाल्ला आणि सहाच्या गाडीच्या ड्रायव्हरला जाऊन काहीतरी सांगितलं. गाडी सुटताना इंजिनाने तीन लांब शिट्ट्या दिल्या, रमेशसाठी! पुढे कितीतरी दिवस सहाच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की तो पोरगा, असेल तिथे उभा राहून, "थँक्यू" म्हणायचा.

*

देहूरोडची कथा मात्र अंगाशी येणार होती. आठव्या खोलीतल्या तुकारामचा मेहुणा तिथे लष्करात माळी होता. तो म्हणाला, साहेब रजेवर आहे, बंगल्याच्या मागे हिरवंगार लॉन आहे, सावली आहे, कुणी झोपलेलं नाही. झालं! तुकारामच्या मुलीचा वाढदिवस देहूरोडला.

आम्ही बायका भेळ कालवत होतो. तेवढ्यात रस्त्यावरून जवानांची एक तुकडी लेफ्ट-राइट करत गेली. भेळ झाली म्हणून हाक मारतो तर लॉनवर एकही मूल नाही! तुकडीच्या मागोमाग सगळी फौज लेफ्ट-राइट करत निघून गेली होती.

माळ्याला घाम फुटला. अर्ध्या तासाने एक लष्करी ट्रक येऊन थांबला. हवालदाराने एकेक मूल उतरवलं. "गिनती कर लो, माताजी."

राधाक्काने मोजली. पुन्हा मोजली. "आमी तेरा आनली व्हती. ही चौदा हायत."

हवालदार मिश्यांत हसला. "एक मेरा है. उसने सुना कि यहाँ पार्टी है."

जाताना त्याने सुमीचा गाल ओढला. "और तू कितने साल की है?"

सुमीने चार बोटं दाखवली. हवालदाराने तिच्याकडे वरून खाली बघितलं. म्हणाला, "चार की तो नहीं लगती."

"लगती नहीं," सुमी म्हणाली, "पण आहे."

*

दिवाळी गेली आणि आम्हाला घोर लागला. जानेवारी जवळ येत होता. इंदूची तब्येत सुधारतेय असं डॉक्टर सांगायचे, पण घरी कधी सोडणार ते सांगत नव्हते. दत्तूभाऊ म्हणाले, "यंदाही तिने कपाळ झाकलं, तर इंदूला काय सांगू?"

राधाक्काने पदर सावरला. "जागा शोधायची."

तिने आणि मी दवाखान्याभोवती पूर्ण फेरी मारली. पुढे उंच भिंत आणि फाटक. एका बाजूला झाडी. नदीच्या अंगाला उतार, तिथून नुसतं छप्पर दिसायचं. मागच्या बाजूला मात्र तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे बायकांच्या वॉर्डाचा वरचा व्हरांडा. म्हणजे असावा. कारण कुंपणाला लागून पुरुषभर उंचीची ज्वारी उभी होती आणि तिच्यातून काहीच दिसत नव्हतं.

"कुनाचं रान हे?" राधाक्काने वाटेवरच्या एका बाईला विचारलं.

"धोंडीबाचं."

राधाक्का मटकन बांधावर बसली. मीही बसले.

धोंडीबा म्हणजे आमचा दूधवाला! पावसाळ्यात राधाक्काने त्याला सगळ्या लाइनीसमोर विचारलं होतं, "धोंडीबा, आज म्हशीचं दूध हाय का नदीचं?" त्या दिवसापासून धोंडीबाने आमच्या लाइनीला दूध घालणं बंद केलं होतं. रस्त्यात राधाक्का दिसली तर तो बैलगाडी वळवून न्यायचा.

मी म्हटलं, "राधाक्का, माफी मागून टाका. चुकून बोलले म्हणा. पोरीसाठी."

ती उठली आणि सरळ त्याच्या गोठ्यावर गेली. धोंडीबा वैरण टाकत होता. आम्हाला बघून त्याने पाठ फिरवली.

"धोंडीबा," राधाक्का म्हणाली, "तवा दुधात पानी व्हतं. ते मी मागं घेनार न्हाई. पर तुझं रान पायजे मला. एका दिसासाठी."

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

मग तिने त्याला सुमीचं सगळं सांगितलं. पाचावर न जाणारी पोरगी, चार बोटं, वरचा व्हरांडा. धोंडीबा पाठमोराच ऐकत होता. तिचं सांगून झालं तेव्हा त्याने हातातली वैरण खाली ठेवली.

मग म्हणाला, "व्हतं, आक्का. पानी व्हतं. म्हस आटली व्हती, आन् तुमच्या लाइनीला न्हाई म्हनायची लाज वाटली." वळला. "वाढदिवस कवा हाय?"

"पंधरा दिसांनी."

"मंग बराबर हुरड्याला ईल ज्वारी. आमी हुरड्याला बोलावलं असं समजा. हुरडा खायचा म्हंजे कनसं कापावीच लागत्यात." त्याने हाताने कुंपणापासून विहिरीपर्यंत एक रेघ ओढून दाखवली. "हितनं हितवर कापतो. बास व्हईल?"

"अजून थोडं," राधाक्का म्हणाली. "पोरगी बुटकी हाय."

*

त्या दिवशी धोंडीबाची बैलगाडी आम्हाला न्यायला आली. राधाक्काने पाट मांडीवर घेतला होता, मी ताम्हण. पाटीवर त्या दिवशी एकही गोल नव्हता. ज्यांची रात्रपाळी होती तेही झोपायचं सोडून गाडीमागून चालत आले होते. कुलकर्णी म्हणाले, "लाइन एवढी शांत असणार, तर मला तरी कुठे झोप लागणार?"

धोंडीबाने कुंपणापासून विहिरीपर्यंत ज्वारी कापून साफ केली होती. विहिरीजवळ शेणी पेटवून हुरडा भाजायला घेतला होता. कनसं कोवळी होती, थोडे दिवस आणखी थांबला असता तर दाणा भरला असता. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "दाना काय, पुढल्या वर्सी बी भरतोय."

दत्तूभाऊंनी आदल्या रविवारी निरोप ठेवला होता. चार वाजता, वरचा व्हरांडा, शेवटचा खांब. इंदूने घरून तिचं हिरवं लुगडं मागवून घेतलं होतं. सिस्टरने परवानगी दिली होती, पण फक्त खुर्चीत बसून.

राधाक्काने पाट मांडला. मी हळूच म्हटलं, "अहो, ही दक्षिण. दक्षिणेकडे तोंड करून ओवाळत नाहीत."

"गप बस," राधाक्का म्हणाली.

चार वाजले. व्हरांड्यात बायका जमल्या. शेवटच्या खांबाजवळ सिस्टरने खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई येऊन बसली. हाक पोचणार नाही इतकं अंतर होतं. चेहरा नीट दिसत नव्हता. एवढंच दिसत होतं की ती बाई फार बारीक आहे.

दत्तूभाऊ म्हणाले, "सुमे, ती बघ आई."

सुमी बघत राहिली. वर्ष उलटून गेलं होतं. तिचा चेहरा हळूहळू पडायला लागला. "ती आई नाही," ती म्हणाली. "आई मोठी आहे."

हुरडा भाजणारे हात थांबले. एवढं सगळं करून जागाच चुकली की काय, असं वाटलं.

तेवढ्यात वर ती बाई खुर्चीतून उठली. सिस्टरने धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. आणि पदर ओढून कमरेला झटक्यात खोचला.

"आई!" सुमी ओरडली. "पदर खोचला! आई!"

आणि धावत जाऊन पाटावर बसली. ताठ.

इंदूच्या हातात दवाखान्याची पांढरी ताटली होती. रिकामी होती की त्यात काही होतं, ते खालून दिसत नव्हतं. तिने हात पुढे करून हवेत बोट टेकवलं. इकडे सुमीने हनुवटी वर करून कपाळ पुढे केलं. मग इंदूने ताटली ओवाळली. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्याभोवतीच्या बायकांचे ओठ हलत होते, आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.

सुमीने पाच बोटं वर केली.

इंदू खांबाला टेकली. आम्हाला वाटलं, झालं, दमली. पण तिने पुन्हा ताटली उचलली, पुन्हा हवेत बोट टेकवलं आणि पुन्हा तीनदा ओवाळलं. सुमीने दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. सहा!

वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मात्र ऐकू आल्या. सिस्टरने इंदूला आत नेलं. दत्तूभाऊ कुंपणाची तार धरून उभे होते, तिकडे कुणी बघितलं नाही.

मग सुमी उठली. डोकं जराही हलू न देता, जपून पावलं टाकत राधाक्कापुढे येऊन उभी राहिली आणि कपाळ वर केलं.

"राधाक्का, कुंकू नीट लागलंय ना?"

राधाक्का खाली वाकली. सुमीची हनुवटी धरून तिचं कपाळ उजेडाकडे केलं. नीट पाहिलं.

"अगदी मधोमध," ती म्हणाली.